सगळ्यांनाच सूट

फिलिपिन्समध्ये नर्सिंग शिका, सिव्हिल इंजिनिअरिंग शिका, हॉटेल मॅनेजमेंट शिका, नाहीतर जहाजावरच्या नोकरीसाठी सागरी पदवी घ्या. एक विषय कुणालाच चुकत नाही. होसे रिझाल. एका सत्राचा, तीन युनिटांचा. १८६१ साली मनिलाच्या दक्षिणेला कालाम्बा गावात जन्मलेला, डोळ्यांचा डॉक्टर झालेला हा माणूस. त्याने स्पॅनिशमध्ये दोन कादंबऱ्या लिहिल्या, पाद्र्यांचा आणि सरकारचा रोष ओढवून घेतला, आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलाच्या बागुम्बायान मैदानात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

विषय सक्तीचा झाला १२ जून १९५६ रोजी. कायद्यावर सही होती राष्ट्राध्यक्ष रॅमन मॅगसेसे यांची. विनोबांना आणि बाबा आमट्यांना मिळालेल्या पुरस्कारामुळे आपल्याला ओळखीचे असलेले तेच नाव. कायद्याचा क्रमांक १४२५. नायकाचे चरित्र शाळेत शिकवा असे सांगणारी सरकारे पुष्कळ असतात. हा कायदा त्याच्या पुढे जातो. महाविद्यालयात रिझालच्या 'नोली मे तांगेरे' (१८८७) आणि 'एल फिलिबुस्तेरिस्मो' (१८९१) या कादंबऱ्या मूळ रूपात, म्हणजे काटछाट न केलेल्या आवृत्तीत किंवा तिच्या इंग्रजी भाषांतरात, पाठ्यपुस्तक म्हणून वापरा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. काटछाट न केलेल्या, एवढ्या दोन-तीन शब्दांवरून त्या वर्षी देश ढवळून निघाला होता.

पुढचे दोघे मी रचले आहेत. मनिलातल्या एका महाविद्यालयाची स्टाफरूम, दुपारची वेळ, टेबलावर तपासायच्या पेपरांचे गठ्ठे. एक आहेत सर. तीस वर्षे हाच विषय शिकवलेले, निवृत्तीला आलेले. दुसऱ्या मॅम, वयाने बऱ्याच लहान, तासांवर पगार घेणाऱ्या, याच विषयाच्या चार तुकड्या सांभाळणाऱ्या. माणसे कल्पित असली तरी त्यांचे भांडण खरे आहे, आणि ते अजून मिटलेले नाही.

मॅम: बिशप हरले असे तुम्ही दर सत्रात शिकवता, सर. मला ते आता पटेनासे झालेय.

सर: सिनेटमध्ये मतदान झाले, मॅम. त्यात पटण्या-न पटण्याचे काय आहे?

मॅम: सिनेटचे नाही, मी वर्गाचे बोलतेय. सिनेटर क्लारो रेक्तोंचे मूळ विधेयक काय म्हणत होते? दोन्ही कादंबऱ्या सगळ्यांनी पूर्ण वाचायच्या. बिशपांचे म्हणणे काय होते? श्रद्धेला धक्का लागेल ते वगळा आणि निवडक तेवढे द्या. मग तडजोड झाली. ज्याच्या धर्मश्रद्धेला बाधा येते त्याने शपथेवर लिहून द्यावे. त्याला पुस्तक वाचण्यातून सूट मिळेल, पण तासाला बसण्यातून मिळणार नाही. म्हणजे कायद्याने एक नवाच विद्यार्थी कल्पिला. वर्गात बसलेला, हजेरी लागलेला, परीक्षा देणारा, पण 'नोली' न वाचलेला. माझ्या एकेका तुकडीत असे पंचेचाळीस आहेत. शपथपत्र मात्र एकाचेही नाही.

सर: (जरा वेळाने) हे तुम्ही बाहेर कुठे बोलू नका.

मॅम: बोलायला बाहेर कशाला जायला हवे? रोज वर्गात दिसते. 'नोली' कुणी वाचली आहे असे विचारले की दोन हात वर होतात, आणि त्यातला एक पंख्याचे बटण शोधत असतो. बाकीचे म्हणतात, मॅम, हे झालेय. नववीला 'नोली' झाली, दहावीला 'फिली' झाली. झाली म्हणजे काय, तर सारांश पाठ केला, पात्रांची नावे पाठ केली, आणि 'नोली'तली सीसा वेडी होते त्या प्रसंगाचे नाटुकले गॅदरिंगला बसवले. कॉलेजला येईपर्यंत पुस्तक त्यांच्या दृष्टीने संपलेले असते, आणि ते उघडलेलेच नसते.

सर: तुमचे दुःख मला समजते. पण तुम्ही १९५६ च्या माणसांना फार स्वस्तात निकालात काढता आहात. बिशपांचे पत्र निघाले होते की या कादंबऱ्या वाचायला कॅथलिकाला चर्चच्या नियमांनुसार मनाई आहे. देश बहुसंख्य कॅथलिक. विरोधातल्या सिनेटरांपैकी कुएन्को आणि रोसालेस या दोघांचे सख्खे भाऊ आर्चबिशप. कायदा झाला तर आम्ही आमच्या शाळा बंद करू, असे चर्चकडून सांगितले गेले. रेक्तो म्हणाले, करा. सरकार त्या ताब्यात घेईल. हे बोलायला छाती लागते. दुसऱ्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि चौथे आले.

(इथे मध्येच बोलतो. त्या वादाकडे नुसते चर्च विरुद्ध राष्ट्रवाद म्हणून पाहिले की रेक्तोंचा अर्धा डाव नजरेआड होतो. स्पेन जाऊन तेव्हा अठ्ठावन्न वर्षे झाली होती. क्लारो रेक्तो त्या वर्षांत तोंडसुख घेत होते ते अमेरिकेवर: १९४६ च्या स्वातंत्र्यानंतरही देशात राहिलेले तिचे लष्करी तळ, आणि तिच्या बाजूला झुकलेले व्यापारी करार. जिवंत मालकाविरुद्ध बोलताना मेलेल्या मालकाविरुद्ध लिहिलेली कादंबरी हाताशी असलेली बरी, हे त्या मुरलेल्या वकिलाला नक्की कळत असणार.)

मॅम: छातीबद्दल मला शंका नाही. त्यांनी जे मिळवले त्याचे आपण काय केले, एवढेच मी विचारतेय. कायद्याचे दुसरे कलम म्हणते, प्रत्येक संस्थेने ग्रंथालयात या पुस्तकांच्या पुरेशा प्रती ठेवाव्यात. तिसरे म्हणते, इंग्रजी, तागालोग आणि मुख्य बोलींत भाषांतरे करून स्वस्त आवृत्त्या काढाव्यात आणि गावोगावी फुकट वाटाव्यात. पाचव्यात त्यासाठी तीन लाख पेसोंची तरतूद आहे. सगळा कायदा पुस्तकाभोवती फिरतो. छापा, ठेवा, वाटा, वाचा. आणि आपण सत्रभर शिकवतो काय? चरित्र. कालाम्बातला जन्म, आतेनेओतली बक्षिसे, माद्रिद, पॅरिस, हायडेलबर्ग, बर्लिन, शेवटी दापितान. मैत्रिणींची यादी तर अशी की प्रश्नपत्रिकेत जोड्या लावायला आयती सोय.

सर: जोड्या लावाचा प्रश्न मीच काढला होता. २००९ साली.

मॅम: मला ठाऊक आहे. तो अजून चालतो. मुले सुझान जाकोबी ब्रसेल्सला बरोबर जोडतात आणि 'फिली'तल्या इसागानीने दिवा नदीत का फेकला ते त्यांना सांगता येत नाही.

सर: चरित्राला इतके तोडू नका. लष्करी न्यायालयात या माणसावर खटला चालला तेव्हा त्याची पुस्तके त्याच्याविरुद्ध होती. लेखक आणि लेखन वेगळे करण्याची चैन त्याला स्वतःला मिळाली नाही, ती आपण कशी घ्यायची? आणि नर्सिंगच्या तुकडीला मी दापितान शिकवतो ते काही उगीच नाही. चार वर्षे हद्दपारी. त्या चार वर्षांत हा माणूस शाळा काढतो, गावाला पाणी आणून देतो, लांबून आलेल्यांचे डोळे तपासतो, सरडे आणि किडे गोळा करून जर्मनीला शास्त्रज्ञांकडे पाठवतो. उडणाऱ्या सरड्याच्या एका जातीला त्याचे नाव आहे. रियाधच्या नाहीतर लंडनच्या इस्पितळात जाणाऱ्या मुलीने हे ऐकून जायला नको?

मॅम: जरूर ऐकावे. पण हे सांगायला एक तास पुरतो. तुम्ही तीन आठवडे घेता, आणि आणखी दोन जातात त्या कागदात.

(कोणत्या कागदात, हे फिलिपिनो वाचकाला सांगावे लागत नाही. मरणाच्या आदल्या रात्री रिझालने चर्चविरोधी लिखाण मागे घेतले, असे म्हणणारा एक दस्तऐवज १९३५ साली मनिलाच्या आर्चबिशपांच्या दप्तरात सापडला. अक्षर त्याचे आहे की नाही, यावर तेव्हापासून पुस्तकांवर पुस्तके निघाली आहेत. वर्गात वादविवाद घ्यायला इतका सोपा विषय दुसरा नाही. दोन गट पाडायचे, एक खरे म्हणणार, एक खोटे म्हणणार. मागे घेतले म्हणतात त्यात मुळात होते काय, ते उघडून पाहायची गरज कुणालाच पडत नाही.)

सर: बरे, धरून चालू की सगळे बिघडले आहे. मग कायदा रद्द करायचा?

मॅम: एक सोडून एक दिवस मला तसे वाटते.

सर: मग २०१३ नंतर काय झाले ते आठवा. उच्च शिक्षण आयोगाने सामान्य शिक्षणाची फेररचना केली. एकूण ३६ युनिटे. त्यात फिलिपिनो भाषा आणि साहित्य हे विषय गाभ्यातून गेले. लोक रस्त्यावर आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने फेररचना कायम ठेवली. हायस्कूलमधून देशाचा इतिहास स्वतंत्र विषय म्हणून गेला तो २०१४ मध्ये. या सगळ्या वादळात एक विषय जागचा हलला नाही. रिझाल. तो कुणाला फार आवडतो म्हणून नव्हे. तो काढायचा तर संसदेत जावे लागते म्हणून. आयोगाच्या एका परिपत्रकाने जे उडते त्याला मी भिंत म्हणत नाही, मॅम. कायदा ही भिंत आहे.

मॅम: आणि भिंतीच्या आत काय आहे?

सर: आत तुम्ही आहात. विषय ऐच्छिक झाला की पुढच्या जूनला चारांपैकी तुमच्या किती तुकड्या उरतील? अर्धी? तुमचा पगार तुकड्यांवर आहे.

मॅम: हे लागले, सर.

सर: लागावे म्हणून नाही म्हटले. शिक्षक टिकला नाही तर पुस्तक टिकत नाही, एवढेच म्हणायचे होते.

मॅम: मग मलाही एक बोलू द्या. एकाच माणसाला भिंत बांधली की बाकीचे उघड्यावर पडतात. बोनिफासिओ कुठे आहे? रिझालच्या हद्दपारीचा हुकूम निघाला त्याच सुमारास, जुलै १८९२ मध्ये, त्याने कातिपुनान ही गुप्त संघटना उभी केली, आणि चार वर्षांनी क्रांतीला तोंड फोडले. रिझालने तुरुंगातून १५ डिसेंबर १८९६ ला पत्रक लिहिले की या उठावाशी माझा संबंध नाही. इतिहासकार रेनातो कोन्स्तान्तिनोंनी १९६९ मध्ये, तेही ३० डिसेंबरलाच, रिझालच्याच नावाच्या व्याख्यानात विचारले होते की ज्याने आपल्या क्रांतीचा धिक्कार केला तोच आपला पहिला नायक कसा? अमेरिकनांनी १९०१ मध्ये एका प्रांताला त्याचे नाव दिले, त्यांच्याच अमदानीत १९१३ मध्ये मनिलातल्या लुनेता मैदानावर पुतळा उभा राहिला. बंदूक न धरलेला आणि स्पेनवर रागावलेला नायक नव्या मालकाला सोयीचा होता. नंतर आपण त्याच नायकाचा कायदा केला.

सर: कोन्स्तान्तिनोंचे व्याख्यान मी तुमच्या आधी वाचले आहे, आणि अजून ते मला अर्धेच पटते. अमेरिकन यायच्या आधीच कातिपुनानचे लोक रिझालचे नाव घेत होते. ३० डिसेंबर हा शोकदिन पाळा, असा हुकूम क्रांतीचा नेता आगिनाल्दोने १८९८ च्या डिसेंबरमध्ये काढला. त्याच महिन्यात दाएत गावात रिझालचे पहिले स्मारक उभे राहत होते. अमेरिकेने त्याला निर्माण केले नाही. आयता मिळाला, तो उचलला. आणि त्या पत्रकाची पुढची गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही. स्पॅनिश लष्कराच्या कायदेशीर सल्लागाराने ते छापूच नका म्हणून शेरा मारला. का? कारण त्यात उठाव अकाली आहे असे होते. स्वातंत्र्य नको असे कुठेही नव्हते. शत्रूने जे बारकाईने वाचले ते आपण वाचत नाही.

मॅम: तेच तर मी सकाळपासून म्हणतेय!

सर: हो, पण माझा मुद्दा दुसरा आहे. कोन्स्तान्तिनोंचे व्याख्यान तुम्हाला कुठे भेटले? कुठल्या वर्गात?

मॅम: (हसत) रिझालच्या.

सर: सक्तीच्या.

मॅम: सत्राच्या शेवटच्या आठवड्यात, वेळ उरला म्हणून.

दोघेही थोडा वेळ पेपर तपासतात. बाहेरच्या व्हरांड्यात एक गट उद्याच्या 'रिपोर्टिंग'ची तयारी करतोय. या देशातल्या कॉलेजांत हा शब्द बातमीदारीसाठी नसतो. मुलांनी प्रकरणे वाटून घ्यायची, स्लाइड करायच्या आणि शिक्षकाच्या जागी उभे राहून त्या वाचून दाखवायच्या, याला रिपोर्टिंग म्हणतात. तुकडी मोठी आणि शिक्षक तासावर असला की दोघांनाही ते सोयीचे पडते.

मॅम: गेल्या महिन्यात मी एक प्रयोग केला. तुम्हाला सांगितले नाही.

सर: म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचा असणार.

मॅम: पूर्णपणे आतला. 'फिली'चे तेरावे प्रकरण, भौतिकशास्त्राचा तास. मी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचले. मध्ये काही सांगितले नाही.

सर: प्लासिदो पेनितेन्ते.

मॅम: तोच. दोनशेवर मुलांचा तो वर्ग. काचेच्या कपाटांत मांडून ठेवलेली उपकरणे. पाहुणे आले की दाखवायची, मुलांनी हात लावायचा नाही. धडा आरशांचा. पाद्री पुस्तकातले शब्द जसेच्या तसे मागतो. एकाला झोपेतून उठवतो, दुसरा पेलाएज मागून प्रॉम्प्टिंगची वाट पाहतो, प्लासिदो त्याला सांगायला जातो आणि स्वतः सापडतो. मग टिंगल, मग गैरहजेरीच्या खोट्या खुणा. शेवटी प्लासिदो उठतो, बोलायचे ते बोलतो आणि निघून जातो. वाचता वाचता मी वर पाहिले तर माझा वर्ग एकमेकांकडे बघत होता. कुणी कुणाला कोपर मारत होते. पेलाएज कोण, ते त्यांनी माझ्या आधी ठरवले होते. आणि तो पाद्री कोण, तेही.

सर: तुम्ही?

मॅम: मी, तुम्ही, आपण सगळे. त्या कपाटातली उपकरणे आणि आपल्या अभ्यासक्रमातला रिझाल यांत मला आता फरक दिसत नाही. ३० डिसेंबरला पाहुण्यांना दाखवायचा, काच पुसायची. ज्याने हे प्रकरण लिहिले त्याचाच तास आपण असा घेतो. हे त्याला कळले असते तर त्याने आणखी एक प्रकरण लिहिले असते.

सर: मुले बोलली काही?

मॅम: एक मुलगा म्हणाला, मॅम, हे पुस्तक विनोदी आहे हे आम्हाला कुणी सांगितलेच नाही.

सर यावर काही बोलत नाहीत. (मलाही हे फार उशिरा कळले होते. राष्ट्रपुरुषाचे पुस्तक म्हणून हात जोडून उघडले की दोन्या विक्तोरिनाच्या खोट्या केसांवर हसायला होत नाही. रिझालचा हात उपहासाला फार तिखट होता, आणि पाद्र्यांना झोंबले ते त्याचे तत्त्वज्ञान कमी, ते चिमटे जास्त.)

सर: एक अडचण तुम्ही विसरता. चौथे कलम. सरकारी शाळेतल्या शिक्षकाने धर्मतत्त्वांची चर्चा करू नये, हा जुना नियम या कायद्याने तसाच ठेवला. म्हणजे एका हाताने 'नोली' द्यायची आणि दुसऱ्या हाताने सांगायचे की यातल्या धर्मावर बोलू नका. मी सरकारी कॉलेजात होतो तेव्हा म्हाताऱ्या तासिओचे शुद्धिस्थळावरचे बोलणे आले की घाम फुटायचा. मग दापितान बरे वाटायचे. तिथे सरडे होते.

मॅम: (मोठ्याने हसत) म्हणजे तीन आठवड्यांच्या दापितानचे कारण हे आहे तर!

सर: काही अंशी.

मॅम: बरे झाले सांगितलेत. मी तुम्हाला चरित्रभक्त समजत होते.

सर: तोही आहेच. पण पूर्ण पुस्तकाचा तुमचा हट्ट धरायचा तर कुठले पूर्ण? पैसे नव्हते म्हणून 'नोली'तले एलियास आणि सालोमेचे प्रकरण रिझालनेच छापण्याआधी काढले. मित्राने, व्हिओलाने, पैसे दिले तेव्हा कुठे बर्लिनमध्ये दोन हजार प्रती निघाल्या. पुढे आपल्या पिढ्यांनी जे इंग्रजी भाषांतर वाचले ते लेओन मारिया गेर्रेरोंचे, १९६१ चे. अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसनने ते मुळाशेजारी ठेवून दाखवले की वाचकाला थेट हाका मारणारा, कोपरखळ्या देणारा निवेदक त्यातून नाहीसाच झाला आहे. बिशपांना जमली नाही ती काटछाट भाषांतरकाराने प्रेमापोटी केली.

मॅम: मग मुलांना दोन भाषांतरे शेजारी ठेवून एक पान द्या की. तीच परीक्षा. जोड्या लावापेक्षा बरी.

सर: पंचेचाळीस उत्तरे, चार तुकड्या. तपासणार कोण?

मॅम: ज्याचा पगार तासावर आहे तो. दुसरे कोण?

सर: आणि ती मालिका? 'मारिया क्लारा आत इबार्रा'. २०२२ मध्ये तुमच्या मुली रोज रात्री बघत होत्या. नर्सिंगची विद्यार्थिनी क्ले, परदेशात जायची स्वप्ने बघणारी, रिझालच्या विषयाला कंटाळलेली, आणि एके दिवशी कादंबरीतच जाऊन पडते. तुमच्या वर्गाला त्यामुळे पात्रे कळली की नाही?

मॅम: कळली. आणि पुस्तक वाचायचे आणखी एक कारण गेले. पण क्लेचे मला एक आवडते, ती पुस्तकातल्या माणसांशी भांडते. मारिया क्लाराला विचारते, तू गप्प का बसतेस? माझी मुले भांडत नाहीत, हायलाइट करतात. पिवळा रंग फासला की वाचले.

सर: क्लेला ते पुस्तक दिले कुणी, लक्षात आहे ना? सक्तीच्या विषयाच्या प्राध्यापकाने.

मॅम: सर, तुमच्या सगळ्या वाटा त्याच भिंतीपाशी येतात.

सर: म्हातारपणी एक भिंत पुरते.

मॅम: मग माझ्या वाटेने जरा चला. पहिल्या तुकडीत भारतातली काही मुले आहेत. डॉक्टर व्हायला आलेली. त्याआधी इथली बीएस्सी करावी लागते, आणि त्यात रिझाल येतो. एक मुलगा महाराष्ट्रातला आहे. त्याने नववीत 'नोली' केलेली नाही, दहावीत 'फिली' केलेली नाही, ३० डिसेंबरला झेंडावंदन केलेले नाही. त्याच्या लेखी रिझाल हा पुस्तकाच्या पाठीवर छापलेला एक लेखक आहे. त्याने 'नोली' सरळ कादंबरीसारखी वाचली, जेवणाच्या सुट्टीत, आणि येऊन मला विचारले: इबार्रा शाळा बांधायला निघालाय, मग त्याने सगळ्या मोठ्या लोकांना आधीच खूश करून का घेतले? ज्यांनी बापाचे प्रेत थडग्यातून उपसायला लावले त्यांच्याकडेच परवानगी मागायला तो का जातो?

सर: चांगला प्रश्न आहे. तीस वर्षांत मला कुणी विचारला नाही.

मॅम: कारण आपल्या मुलांना इबार्रा नायक आहे हे आधीच सांगितलेले असते. नायक मूर्खपणा करतो असे ते कसे म्हणणार? माझे म्हणणे एवढेच आहे, सर. कायदा ठेवा. 'जीवन' काढा, 'लेखन' ठेवा. पुतळा लुनेतावर आहे, त्याला पहारा आहे, त्याची काळजी घ्यायला सैनिक उभे असतात. वर्गात फक्त पुस्तक येऊ द्या.

सर: 'जीवन, कार्य आणि लेखन' असे कायद्यात आहे. तुम्ही संसदेत जाणार आहात?

मॅम: नाही. मी ग्रंथालयात जाऊन आले. गेर्रेरोंच्या तीन प्रती, लाक्सोन-लोक्सिन यांच्या भाषांतराच्या दोन, आणि सारांशाच्या पुस्तिका शेल्फभर. पुरेशा प्रती म्हणजे किती, ते कायद्यात लिहिलेले नाही.

सर: बजेटमध्ये लिहिलेले असते.

मॅम: म्हणून पुढच्या सत्रात मी एवढेच करणार आहे. पूर्ण 'नोली' होणार नाही हे मला कळते. 'नोली'तली सहा प्रकरणे आणि 'फिली'तली चार, पूर्ण, वर्गात, मोठ्याने. शाळामास्तरची व्यथा, तासिओ, सीसा, एलियास आणि इबार्राचे होडीतले भांडण, भौतिकशास्त्राचा तास, शेवटी पाद्रे फ्लोरेन्तिनो. चरित्र दोन तासांत. मैत्रिणी शून्य तासांत. रिपोर्टिंग बंद.

सर: होडीतले भांडण घेताय हे चांगले. तिथे तुमचा बोनिफासिओ आणि माझा रिझाल एकाच होडीत बसलेले आहेत, आणि दोघांचेही लेखकाने ऐकून घेतले आहे. पण तासिओला शुद्धिस्थळावर बोलू देणार?

मॅम: हे खासगी कॉलेज आहे. चौथे कलम मला लागू नाही.

सर: कॉलेज कुणाचे आहे? नन्सचे.

मॅम: सिस्टर अध्यक्षांनी 'नोली' वाचलेली आहे, सर. मी विचारले. स्टाफमध्ये पूर्ण वाचलेल्या त्या, तुम्ही आणि मी. एवढेच तिघे.

सर: (चष्मा काढून पुसत) आणि विभागाची सामाईक परीक्षा? जोड्या लावा त्यात आहे. मैत्रिणी आहेत. तुमच्या मुलांचे गुण जातील. अभ्यासक्रम समितीला काय सांगणार?

मॅम: समितीचे अध्यक्ष तुम्हीच आहात.

सर: म्हणूनच विचारतोय. बैठक शुक्रवारी आहे. ती दहा प्रकरणे कागदावर उतरवून द्या, आणि अकरावे मी सुचवतो. सालोमेचे. रिझालने पैशांसाठी कापलेले.